लंडनमधील सातारचा वकील : रंगो बापूजी गुप्ते यांचे राजधानीतील वास्तव्य आणि ठाण्याची स्मृती

बीजसंज्ञा : रंगो बापूजी, छत्रपती प्रतापसिंह, ईस्ट इंडिया कंपनी, लंडन, सातारा, ठाणे, १८५७

प्रस्तावना

ठाणे शहरातील जांभळी नाका हा बाजारपेठेचा गजबजलेला भाग आहे. स्थानकाकडून तलावपाळीकडे अथवा भाजीबाजाराकडे जाणाऱ्या हजारो लोकांची या परिसरात दररोज ये-जा असते. येथील चौकास रंगो बापूजी गुप्ते यांचे नाव देण्यात आले आहे. १८५७ च्या उठावातील एक क्रांतिकारक ठाण्यातून इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन नाहीसा झाला, एवढीच माहिती या नावामागे सर्वसाधारणपणे सांगितली जाते. ही माहिती चुकीची नाही, परंतु ती अपुरी आहे. ठाण्याने ज्यांना बेपत्ता झालेला क्रांतिकारक म्हणून स्मरणात ठेवले, त्या रंगो बापूजींनी आयुष्यातील सुमारे चौदा वर्षे ब्रिटिश साम्राज्याच्या राजधानीत, म्हणजे लंडन शहरात, एका पदच्युत छत्रपतीचे वकील म्हणून व्यतीत केली होती.

भारतीयांच्या युरोपप्रवासाचा इतिहास लिहिताना राजा राममोहन रॉय, द्वारकानाथ टागोर व दादाभाई नौरोजी यांचा उल्लेख अपरिहार्यपणे केला जातो. रंगो बापूजींच्या दीर्घ वास्तव्याला मात्र त्या परंपरेत क्वचितच स्थान मिळते. प्रस्तुत लेखात त्यांच्या लंडनमधील कार्याचे स्वरूप, त्यामागील राजकीय कारणे, त्या कार्याच्या अपयशाची मीमांसा आणि ठाण्याशी असलेला त्यांचा संबंध यांचा विचार केला आहे.

पूर्वपरंपरा : ठाण्याचा किल्ला आणि लंडनचा दरबार

मराठी सत्तेचे प्रतिनिधी लंडनला जाण्याची घटना रंगो बापूजींच्या आधी सुमारे सहा दशके घडली होती आणि तिच्या मुळाशी ठाण्याचाच प्रश्न होता. पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला ठाण्याचा किल्ला १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला. १७७४ च्या डिसेंबर महिन्याच्या अखेरीस पेशवाईतील गृहकलहाचा फायदा घेऊन मुंबईकर इंग्रजांनी तो जिंकून घेतला. लगेच ६ मार्च १७७५ रोजी रघुनाथरावांनी सुरतेचा तह करून साष्टी व वसई इंग्रजांना देण्याचे मान्य केले. मोबदल्यात पेशवेपद मिळवून देण्याचे इंग्रजांचे आश्वासन होते. ते पूर्ण होत नाही असे दिसू लागल्यावर रघुनाथरावांनी आपले वकील थेट इंग्लंडला रवाना केले. हणमंतराव नावाचे ब्राह्मण वकील आणि मणियार हे पारशी पितापुत्र १७८१ मध्ये लंडनमध्ये होते. त्यांची तेथे होत असलेली आबाळ पाहून एडमंड बर्क या संसदपटूने त्यांना आपल्या बीकन्सफील्ड येथील निवासस्थानी आश्रय दिला व त्यांच्या सोवळ्याच्या स्वयंपाकासाठी स्वतंत्र जागेची व्यवस्था केली.

या वकिलातीतून राजकीय लाभ काहीही झाला नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहाने रघुनाथरावांचा दावा संपुष्टात आला, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. तरीही या घटनेने एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केली. मुंबई अथवा कलकत्ता येथील अधिकाऱ्यांच्या वर एक सत्ता आहे, ती सात समुद्रांपलीकडील एका नगरात बसते आणि अन्याय झाल्यास तेथे दाद मागता येईल, ही जाणीव मराठी मुत्सद्द्यांमध्ये निर्माण झाली. रंगो बापूजींच्या कार्याचा पाया याच विश्वासावर उभा होता.

छत्रपती प्रतापसिंहांची पदच्युती

पेशवाईच्या अस्तानंतर ११ एप्रिल १८१८ रोजी प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसविण्यात आले आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजी त्यांच्याशी कंपनीने तह केला. या तहान्वये राज्य महाराज, त्यांचे वारस व उत्तराधिकारी यांच्याकडे कायम राहील असे मान्य करण्यात आले होते. आरंभी जेम्स ग्रँट (पुढे ग्रँट डफ) व त्यानंतर जॉन ब्रिग्ज हे साताऱ्याचे रेसिडेंट होते. प्रतापसिंहांनी रस्ते, पाणीपुरवठा व शिक्षण यांकडे विशेष लक्ष दिले होते आणि त्यांच्या कारभाराची स्वतः कंपनीच्या संचालकांनी प्रशंसा केली होती. १८३५ मध्ये संचालक मंडळाने महाराजांना एक रत्नजडित तलवार व गौरवपत्र देण्याचे ठरविले. मुंबई सरकारने ही भेट महाराजांपर्यंत पोहोचू दिली नाही.

बिघाडाचे मुख्य कारण जहागिरींच्या मालकीचा वाद हे होते. अक्कलकोट, फलटण, जत, पंतप्रतिनिधी, पंतसचिव इत्यादी जहागिरींवर छत्रपतींचा अधिकार किती, याविषयी मुंबई सरकार व महाराज यांच्यात मतभेद झाले. महाराजांनी आपले म्हणणे लंडनपर्यंत नेण्याचा प्रयत्न सुरू करताच मुंबईतील अधिकारी नाराज झाले. १८३६ मध्ये महाराजांवर कंपनीच्या देशी पलटणीतील शिपायांना फितविल्याचा आरोप ठेवण्यात आला. पुढे गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेशी व नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसले यांच्याशी संगनमत केल्याचे आरोपही त्यात जोडले गेले. गव्हर्नर सर जेम्स कारनॅक यांनी तहभंग केल्याची कबुली लिहून दिल्यास क्षमा करण्याची तयारी दर्शविली. न केलेल्या अपराधाची कबुली देण्यास प्रतापसिंहांनी नकार दिला. परिणामी ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करण्यात आले. त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब यांस गादीवर बसवून प्रतापसिंहांची रवानगी काशीस करण्यात आली.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. पदच्युतीचा निर्णय घेणारे कारनॅक हे गव्हर्नर म्हणून येण्यापूर्वी लंडनमध्ये कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते. म्हणजे ज्या दरबारात महाराजांना अपील करावयाचे होते, त्या दरबाराचा कालपर्यंतचा प्रमुखच निकाल देणारा होता.

लंडनकडे प्रयाण

रंगो बापूजी हे मूळचे सातारा परिसरातील कारी या गावचे. शिवकालातील रोहिड खोऱ्याचे दादाजी नरसप्रभू देशपांडे यांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. छत्रपतींच्या घराण्याशी असलेली निष्ठा ही त्यांच्या दृष्टीने अनेक पिढ्यांची परंपरा होती. महाराजांच्या वतीने मीर अफजल अली यांना यापूर्वीच इंग्लंडला पाठविण्यात आले होते. त्यानंतर रंगो बापूजी यांनी लंडन गाठले. भगवंतराव विठ्ठल, यशवंतराव राजेशिर्के ही मंडळीही या कामगिरीत सहभागी होती. कालांतराने इतर मंडळी परतली व कामाचा संपूर्ण भार रंगो बापूजींवर पडला.

तत्कालीन प्रवासाची कल्पना आज करणे कठीण आहे. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्यापूर्वी जवळच्या मार्गाने जाणारे प्रवासी तांबड्या समुद्रातून सुएझपर्यंत जहाजाने, तेथून भूमार्गाने व नाईल नदीतून अलेक्झांड्रियापर्यंत आणि पुन्हा जहाजाने इंग्लंडकडे जात असत. पत्राचे उत्तर मिळण्यास कित्येक महिने लागत. काशीत नजरकैदेत असलेल्या महाराजांची आज्ञा व पैसा लंडनमध्ये पोहोचणे ही तर आणखी दुर्घट बाब होती. समुद्रपर्यटनाविषयीचे धर्मशास्त्रीय निर्बंध दृढ असण्याच्या काळात वृद्धत्वाकडे झुकलेल्या एका प्रभू गृहस्थाने हा प्रवास पत्करला, ही बाब सामाजिक इतिहासाच्या दृष्टीनेही उल्लेखनीय आहे.

राजधानीचे दर्शन

रंगो बापूजी ज्या लंडनमध्ये राहिले ते शहर झपाट्याने बदलत होते. १८४१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या आसपास होती. १८५१ मध्ये ती साडेतेवीस लाखांच्या वर गेली. १८३४ च्या आगीत भस्मसात झालेल्या संसदभवनाच्या जागी नव्या वास्तूचे बांधकाम त्यांच्या संपूर्ण वास्तव्यकाळात सुरू होते. १८४० मध्ये सुरू झालेल्या एक पेनीच्या टपालामुळे कोणासही देशभर पत्रके पाठविणे सुलभ झाले होते. एप्रिल १८४८ मध्ये केनिंग्टनच्या मैदानावर मताधिकारासाठी चार्टिस्ट कामगारांची प्रचंड सभा झाली. त्याच सुमारास पटकीच्या साथीने शहरात हजारो बळी घेतले. १८५१ मध्ये हाइड पार्क येथे जागतिक प्रदर्शन भरले व त्यात हिंदुस्थानातील रत्ने, वस्त्रे व कलाकुसर साम्राज्याचे वैभव म्हणून मांडण्यात आली.

प्रवासवर्णनाच्या दृष्टीने ही सर्व प्रेक्षणीय सामग्री होय. रंगो बापूजींचे लंडन मात्र तीन ठिकाणांभोवती केंद्रित झालेले दिसते. पहिले लेडनहॉल स्ट्रीटवरील ईस्ट इंडिया हाउस, दुसरे वेस्टमिन्स्टरमधील कॅनन रो येथील बोर्ड ऑफ कंट्रोलचे कार्यालय आणि तिसरे ब्रिटिश संसद. या तिन्ही दारांवर ते चौदा वर्षे थडकत राहिले.

कार्यपद्धती व सहकारी

संचालक मंडळाने सातारच्या वकिलांना अधिकृत प्रतिनिधी म्हणून मान्यता देण्याचे नाकारले. हिंदुस्थानातील कोणाही तक्रारदाराने आपला अर्ज स्थानिक सरकारमार्फतच पाठवावा, असा कंपनीचा नियम होता. ज्या मुंबई सरकारविरुद्ध तक्रार, त्याच्याच हाती अर्ज द्यावयाचा, असा हा प्रकार होता. त्यामुळे रंगो बापूजींना दुसरा मार्ग शोधावा लागला आणि तो मार्ग कंपनीच्या घटनेतच उपलब्ध होता.

कंपनीच्या भागधारकांची एक सर्वसाधारण सभा असे, तिला कोर्ट ऑफ प्रोप्रायटर्स म्हणत. ठरावीक रकमेचे भाग धारण करणाऱ्या कोणाही व्यक्तीस या सभेत बोलण्याचा आणि एक हजार पौंड वा त्याहून अधिक भाग असणाऱ्यास मत देण्याचा अधिकार होता. या सभेतील सहानुभूतीदार भागधारकांमार्फत साताऱ्याचे प्रकरण चर्चेस आणणे, सरकारी कागदपत्रे छापून प्रसिद्ध करण्याची मागणी करणे आणि त्या छापील पुराव्यांच्या आधारे आरोपांतील विसंगती उघड करणे, अशी त्यांची पद्धत होती. त्यांनी स्वतःच्या नावाने इंग्रजीत निवेदने व पुस्तिकाही प्रसिद्ध केल्या. संचालकांपासून संसद सदस्यांपर्यंत त्या पोहोचविण्यात आल्या.

त्यांना लाभलेल्या सहकाऱ्यांची नावे महत्त्वाची आहेत. संसद सदस्य जोसेफ ह्यूम यांनी १८४५ मध्ये हा विषय हाउस ऑफ कॉमन्समध्ये उपस्थित केला. गुलामगिरीविरोधी चळवळीतील प्रसिद्ध वक्ते जॉर्ज थॉम्पसन यांनी भागधारकांच्या सभेत महाराजांची बाजू आवेशाने मांडली. हेच थॉम्पसन १८४७ मध्ये टॉवर हॅमलेट्समधून संसदेवर निवडून आले. मुंबईतील जुने व्यापारी सर चार्ल्स फोर्ब्स यांची सहानुभूती होती. विशेष म्हणजे साताऱ्याचे माजी रेसिडेंट जॉन ब्रिग्ज यांनीही पुढे सातारच्या राज्याची बाजू घेतली. ज्या अधिकाऱ्यांनी साताऱ्याचा कारभार प्रत्यक्ष पाहिला होता, त्यांच्यापैकी काहींनाच हा निर्णय अन्याय्य वाटावा, ही बाब बोलकी आहे.

या सर्व खटाटोपातून ब्रिटिश लोकमताचे एक साधन म्हणून छापखाना, सभा व संसद यांचा उपयोग करण्याचे तंत्र एका मराठी वकिलाने आत्मसात केल्याचे दिसून येते. दादाभाई नौरोजी यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनची स्थापना १८६६ मध्ये झाली. त्याच्या दोन तपे आधी ही पद्धत साताऱ्याच्या वकिलाने वापरून पाहिली होती.

आघातांची मालिका

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी काशी येथे प्रतापसिंहांचे निधन झाले. ज्या स्वामींसाठी वकिलात चालू होती, तेच राहिले नाहीत. त्यानंतर ५ एप्रिल १८४८ रोजी शहाजींचे साताऱ्यात निधन झाले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी राज्य चालू ठेवावे असे मत दिले होते. लॉर्ड डलहौसी यांनी मात्र ३० ऑगस्ट १८४८ च्या टिपणात राज्य खालसा करण्याची शिफारस केली आणि २४ जानेवारी १८४९ रोजी संचालक मंडळाने तिला मान्यता दिली. तहातील ‘वारस व उत्तराधिकारी’ या शब्दांत दत्तकपुत्राचा समावेश होतो किंवा नाही, हा प्रश्न हिंदू धर्मशास्त्रानुसार वादाचाच नव्हता. कंपनीने तो आपल्या मंजुरीचा प्रश्न बनविला.

साताऱ्याचा निर्णय हा पुढील नागपूर, झाशी इत्यादी संस्थानांच्या खालसा धोरणाचा आरंभ ठरला. रंगो बापूजींनी यानंतरही माघार घेतली नाही. पदच्युती अन्याय्य होती, म्हणून तिच्यावर आधारलेली पुढील सर्व व्यवस्थाही अवैध आहे आणि प्रतापसिंहांच्या दत्तकपुत्राचा हक्क शिल्लक आहे, अशी भूमिका ते मांडत राहिले. तथापि पैशाचा ओघ आटला होता व कर्ज वाढत होते. शेवटी कंपनीने त्यांचे देणे भागविण्याची व परतीच्या प्रवासाची व्यवस्था केली आणि १८५३ च्या अखेरीस त्यांनी लंडन सोडले. चौदा वर्षे ज्या संस्थेविरुद्ध लढा दिला, तिच्याच पैशाने परतावे लागणे हा या वकिलातीचा अत्यंत क्लेशदायक शेवट होय.

अपयशाची मीमांसा

रंगो बापूजींचे अपयश हे व्यक्तिगत क्षमतेचे अपयश नव्हते. त्यामागे लंडनमधील सत्तेची रचना होती. १७८४ च्या कायद्याने संचालक मंडळाने बोर्ड ऑफ कंट्रोलच्या संमतीने घेतलेला निर्णय फिरविण्याचा भागधारकांच्या सभेचा अधिकार काढून घेतला होता. त्यामुळे ज्या सभेत साताऱ्याची बाजू ऐकली जात होती, त्या सभेला अधिकार नव्हता आणि ज्या कार्यालयांना अधिकार होता, तेथे त्यांची बाजू ऐकली जात नव्हती. संसद सर्वश्रेष्ठ होती, परंतु हिंदुस्थानविषयक चर्चेस तेथे फारसे सदस्य उपस्थित राहत नसत.

याच काळात हिंदुस्थानातही सनदशीर मागण्यांची नवी परंपरा आकारास येत होती. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली व तिने कंपनीच्या सनदेच्या नूतनीकरणाच्या वेळी संसदेकडे अर्ज पाठविला. तिच्या संस्थापकांपैकी जगन्नाथ शंकरशेट हे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. एका राजाच्या हक्कासाठी लढणारा वकील आणि प्रजेच्या हक्कांसाठी अर्ज करणारी संस्था यांत मूलभूत फरक आहे हे खरे, परंतु दोघांचीही नजर एकाच राजधानीकडे लागलेली होती.

परतीनंतरचा काळ : सातारा आणि ठाणे

रंगो बापूजी लंडनमध्ये असतानाच १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे सुरू झाली होती. १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत पोहोचली. ते परतले तेव्हा ठाणे व कल्याण ही गावे नव्या दळणवळणाच्या मार्गावर आली होती. साताऱ्यात मात्र राज्य उरले नव्हते.

१८५७ च्या उठावाच्या वेळी सातारा परिसरात शस्त्रे व माणसे जमविण्याचा गुप्त प्रयत्न झाला व त्याचे सूत्रधार रंगो बापूजी असल्याचे इंग्रजांनी मानले. कट फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यातील गेंडामाळ येथे सतरा जणांना मृत्युदंड देण्यात आला. त्यांपैकी पाच जणांना फाशी देण्यात आली, सहा जणांना तोफेच्या तोंडी देण्यात आले आणि सहा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. मृत्युदंड दिलेल्यांत रंगो बापूजींचे पुत्र सीताराम हेही होते. खुद्द रंगो बापूजी मात्र हाती लागले नाहीत. त्यांना पकडून देणाऱ्यास इनाम जाहीर करूनही त्यांचा शोध लागला नाही.

या ठिकाणी ठाण्याचा संबंध येतो. ठाण्यात आपल्या आप्तांकडे आले असता पहाऱ्याची चाहूल लागताच वेषांतर करून ते निसटले, अशी परंपरागत हकीकत आहे. ठाण्यात चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाची जुनी वस्ती असल्याने त्यांचे तेथे येणे स्वाभाविक होते. जिल्ह्याचे मुख्य ठाणे व तुरुंग येथेच असल्याने पहाराही कडक होता. याच ठाण्याच्या किल्ल्यातून १८१६ मध्ये त्रिंबकजी डेंगळे निसटले होते. दोन्ही घटनांची स्मृती ठाणेकरांनी अभिमानाने जतन केली आहे.

अजीमुल्लाखान व रंगो बापूजी यांची लंडनमध्ये भेट होऊन तेथेच उठावाचा विचार ठरला, असे स्वातंत्र्यवीर सावरकर यांनी १८५७ वरील आपल्या ग्रंथात सूचित केले आहे. नानासाहेबांचे वकील अजीमुल्लाखान १८५३ मध्ये लंडनला गेल्याने भेट शक्य होती. तथापि शक्यता व पुरावा यांतील अंतर अभ्यासकाने कायम ठेवले पाहिजे. कटाचा उगम लंडनमधील एका बैठकीत शोधण्यापेक्षा चौदा वर्षांच्या निष्फळ अर्जविनंत्यांत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. जो माणूस इतका दीर्घ काळ कायद्याच्या मार्गावर विश्वास ठेवून राहिला, त्याच्यावर सशस्त्र कटाचा आरोप यावा, यातच कंपनीच्या न्यायव्यवस्थेवरील भाष्य सामावले आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, रंगो बापूजींचे लंडनमधील वास्तव्य हा साम्राज्याच्या राजधानीत भारतीयाने केलेल्या दीर्घकालीन राजकीय कार्याचा आरंभीचा टप्पा होय. दुसरी, त्यांच्या अपयशाचे कारण सत्तेच्या रचनेत होते. तिसरी, सनदशीर लढा व सशस्त्र उठाव या दोन परस्परविरोधी परंपरा आहेत असे मानण्याची पद्धत त्यांच्या चरित्रास लागू पडत नाही. दोन्ही एकाच आयुष्यात, एकामागून एक आल्या.

प्रबोधनकार ठाकरे यांनी प्रतापसिंह छत्रपती व रंगो बापूजी यांच्यावर मराठीत विस्तृत लेखन केले आणि मेजर बी. डी. बसू यांनी इंग्रजीत साताऱ्याची कहाणी मांडली. त्यानंतर ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरात शिक्षणसंस्थांचा मोठा विस्तार झाला आहे. येथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना रंगो बापूजींची इंग्रजी निवेदने, भागधारकांच्या सभांचे छापील वृत्तांत व संसदीय कागदपत्रे यांचे मराठी संपादन हाती घेता येण्यासारखे आहे. लेडनहॉल स्ट्रीटवरील ईस्ट इंडिया हाउस १८६१ च्या सुमारास पाडण्यात आले आणि त्या जागी आज लॉइड्स या विमा बाजाराची इमारत उभी आहे. त्या कचेरीत दाद न मिळालेल्या वकिलाचे नाव ठाण्याच्या बाजारपेठेत अद्याप टिकून आहे. त्या नावाच्या फलकावर चार ओळींत त्यांच्या लंडनमधील चौदा वर्षांचीही नोंद झाल्यास स्थानिक इतिहासाचे ते योग्य स्मारक ठरेल.